बिछायत केंद्रातला डेस्कटॉप

आमच्या राजुऱ्यात लग्न ठरलं, की नवरीच्या शालूआधी एक गोष्ट बुक होते. बिछायत केंद्र! पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी एक्स्प्लेन करते. मांडवाचे बांबू, कनाती, गाद्या, खुर्च्या, वरणाची मोठाली गंजं, झारे, हातभर लांब चमचे, पेडेस्टल फॅन असं सगळं भाड्याने देणारं दुकान म्हणजे बिछायत केंद्र. सीझनमध्ये एकच कनात सोमवारी पाटलांकडे, बुधवारी गुरुजींकडे आणि शनिवारी थेट गडचांदूरला असते. तरीही दोन लग्नं कधी सारखी दिसत नाहीत. कुणाकडे बँड, कुणाकडे डीजे. कुणाकडे बुफे, कुणाकडे पंगत. बांबू मात्र तेच.

आता तुम्हाला वाटेल हा लग्नसराईचा लेख आहे. नाही, हा कॉम्प्युटरचा लेख आहे. थांबा, पान उलटू नका ना, प्लीज!

मोठे बाबा आणि त्यांचा डबा

मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. वय सत्तरच्या पुढे, डोळ्यांना साखरेने घेरलेलं आणि स्वभाव कडक इस्त्रीचा. उमेदीची वर्षं त्यांनी चंद्रपूरच्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यात घालवली. पुढे डीटीपी आलं, छापखाने बदलले. मग त्यांनीही राजुऱ्यात एक छोटं दुकान टाकलं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, श्रद्धांजलीचे बॅनर. आता दुकान चुलतभाऊ बघतो आणि मोठे बाबा कोपऱ्यातल्या जुन्या पीसीवर 'आपलं काम' करतात.

हे आपलं काम म्हणजे एक वही. राजुरा तालुक्याची त्यांनी पाहिलेली आणि वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली गोष्ट. तुम्हाला माहितीये का, राजुरा हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला, आदिलाबाद जिल्ह्यातला तालुका होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला, पण आधी नांदेड जिल्ह्यात गेला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. मोठे बाबा म्हणतात, "मी आदिलाबाद जिल्ह्यात जन्मलो, नांदेड जिल्ह्यात चालाले शिकलो अन् चांदा जिल्ह्यात शाळेत गेलो. घर तेच, उंबरठा तोच!"

ही वही त्यांना स्वतः टाइप करायची आहे. आम्हा पोरांकडून करून घ्यायची नाही. का, तर आम्ही ऱ्हस्व-दीर्घाचा खून करतो.

२०२५ च्या दिवाळीत मी घरी गेले, तेव्हा मामला सीरियस होता. त्यांच्या पीसीवर जी सिस्टीम होती, तिचा नेहमीचा सपोर्ट त्याच ऑक्टोबरमध्ये संपला होता आणि तिच्या पुढच्या व्हर्जनला हा पीसी चालणार नव्हता. चार जीबी रॅम, दहा वर्षांहून जुना प्रोसेसर. दुकानदाराचा सल्ला सोपा होता. डबा भंगारात टाका, नवा घ्या. नव्याचा आकडा ऐकून मोठ्या बाबांनी पीसीवर टॉवेल टाकला आणि वही कपाटात ठेवली. तिथे मात्र माझ्या पोटात गोळा आला. कारण पीसी नवा मिळतो हो. मोठ्या बाबांची नजर पुढच्या दिवाळीपर्यंत किती उरेल, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी माझी एक मैत्रीण आहे. तिला फोन लावला. ती म्हणाली, "डेबियन १३ टाक आणि त्यावर लॅबडब्ल्यूसी लाव."

मी म्हटलं, "हे काय औषध आहे का?"

"वेडे, तो कंपोझिटर आहे!"

स्पीकरवर होता फोन. कोपऱ्यातून आवाज आला, "कंपोझिटर तं मीच होतो ना!"

दोन कंपोझिटर, एकच फंडा

आता जरा तुमच्या स्क्रीनकडे बघा. एक्सेल उघडं आहे, मेल उघडा आहे आणि मागे कुठेतरी क्रिकेटचा स्कोअर लपवलाय. (बॉसला नाही सांगत.) यातला प्रत्येक प्रोग्रॅम फक्त स्वतःचं चित्र काढतो. कुणाचं चित्र वर, कुणाचं खाली, माऊस कुणाच्या अंगावर आहे, दाबलेलं बटण कुणाला पोचवायचं, हे ठरवून सगळ्या चित्रांची एक चौकट जुळवणारा आणि ती सेकंदाला साठेक वेळा स्क्रीनवर पाठवणारा जो प्रोग्रॅम, तो कंपोझिटर.

मोठ्या बाबांना हे दोन मिनिटांत कळलं. माझ्या मास कॉमच्या डिग्रीला मात्र दोन दिवस लागले. त्यांचं कामही तेच होतं ना! केसच्या खणांतून खिळे उचलायचे, स्टिकमध्ये ओळ जुळवायची, ओळींचं पान करायचं. आणि छपाई झाली की सगळे खिळे धुऊन परत आपापल्या खणात. ही शेवटची स्टेप फार महत्त्वाची. तोच 'श्री' सकाळी लग्नपत्रिकेवर, दुपारी किराणा दुकानाच्या बिलबुकावर आणि संध्याकाळी निवडणुकीच्या पत्रकावर!

शिवाय प्रत्येक छापखाना स्वतःचे खिळे ओतत बसला नाही. मुंबईत जावजी दादाजींनी १८६४ मध्ये खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांचे सुबक देवनागरी खिळे इतर छापखान्यांनीही घेतले. पुस्तकं वेगळी, छापखाने वेगळे, पण अक्षर एका ओतशाळेतलं. म्हणजे रियूज हा शब्द काही हिंजवडीत जन्मलेला नाही.

नवं घर, पण बांधणार कोण?

थोडी हिस्टरी, झटपट. लिनक्सच्या जगात स्क्रीन सांभाळायचं काम कित्येक वर्षं एक्स नावाची सिस्टीम करायची. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत ती सुरू झाली, आणि एक्स ११ ही तिची आवृत्ती १९८७ ची. तिच्यात सगळं अवजड काम एकच कॉमन सर्व्हर करायचा. त्यामुळे कुणीही हौशी मुलगा सुट्टीत बसून स्वतःचा छोटा विंडो मॅनेजर लिहू शकायचा. अडचण अशी, की या जुन्या वाड्यात सगळ्यांच्या खोल्यांना पडदेच होते, दारं नव्हती. एका प्रोग्रॅमला दुसऱ्याची दाबलेली बटणं, म्हणजे अगदी पासवर्डसुद्धा, बघता यायचा.

२००८ मध्ये क्रिस्टियन ह्योग्सबर्ग या डेव्हलपरने वेलँड सुरू केलं. नवी पद्धत, दारं पक्की. पण एक मोठा बदल झाला. मधला कॉमन सर्व्हरच गेला. आता कंपोझिटरनेच सगळं करायचं. मॉनिटर ओळखायचा, ग्राफिक्स कार्डाशी बोलायचं, कीबोर्ड, माऊस, टचपॅड सांभाळायचे, कॉपी-पेस्ट करून द्यायचं आणि स्क्रीन लॉकही.

मोठ्या घरांना हे परवडलं. ग्नोमने म्हटर तयार केला, केडीईने केविन. त्यांच्याकडे माणसं होती, मागे कंपन्या होत्या. छोट्यांचं काय? ज्याला फक्त आपल्या पद्धतीने खिडक्या मांडायच्या आहेत, त्याने आधी बांबू उगवायचे, मग कनात विणायची, मग पितळ वितळवून गंजं घडवायची आणि मग कुठे लग्न लावायचं? टोटल अन्याय!

इथे आपलं बिछायत केंद्र एन्ट्री घेतं.

२०१७ मध्ये ड्रू डेव्हॉल्ट हा स्वे नावाचा डेस्कटॉप लिहीत होता. हाताशी असलेली लायब्ररी पुरेना, म्हणून त्याने आणि त्याच्यासारख्या इतरांनी मिळून डब्ल्यूएलरूट्स सुरू केली. हा तयार डेस्कटॉप नाही. हे सुट्या भागांचं कोठार आहे. मॉनिटरशी बोलणारा भाग वेगळा, कीबोर्ड-माऊसचा वेगळा, चित्रं एकावर एक मांडणारा वेगळा. हवं ते उचला, नको ते राहू द्या. कंपोझिटर लिहिणाऱ्याला एरवी ज्या सुमारे ६०,००० ओळी लिहाव्याच लागल्या असत्या, त्या इथे लिहून ठेवल्यात, असं ही मंडळी स्वतःच सांगतात. साठ हजार! माझा एक लेख दीडशे ओळींचा असतो आणि त्यातही मी तीन वेळा चहा पिते.

स्वेचं १.० व्हर्जन मार्च २०१९ मध्ये आलं. पण खरी गंमत त्यानंतर झाली. त्याच सामानावर वेफायर उभा राहिला, लॅबडब्ल्यूसी उभा राहिला, लिब्रेम ५ या फोनची स्क्रीनही उभी राहिली. शाळांतून आणि हौशी लोकांत पॉप्युलर असलेल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरने ऑक्टोबर २०२३ मध्ये वेफायर घेतला आणि वर्षभरात, ऑक्टोबर २०२४ मध्ये, तो सोडून लॅबडब्ल्यूसी घेतला. मांडववाला बदलला, पण खालचं सामान डब्ल्यूएलरूट्सचंच.

असं केंद्र एकच आहे असंही नाही. वेस्टन या नमुन्याच्या कंपोझिटरमधून लिबवेस्टन ही लायब्ररी २०१६ मध्ये वेगळी काढली गेली. रस्ट भाषेत स्मिथी आहे आणि सिस्टम७६ कंपनीचा कॉस्मिक डेस्कटॉप तिच्यावर बांधलाय. आणि मीर? कॅनॉनिकलने २०१३ मध्ये मोठ्या स्वप्नांसह जाहीर केलेला हा प्रोजेक्ट. फोन, टीव्ही, डेस्कटॉप सगळीकडे एकच चेहरा, असा प्लॅन होता. एप्रिल २०१७ मध्ये ते स्वप्न कंपनीने गुंडाळलं. मीर मात्र मेला नाही. तो वेलँड शिकला आणि इतरांना कंपोझिटर बांधायला मदत करणारी लायब्ररी झाला. मला हे फार आवडलं. आपलं लग्न मोडलं, तर निदान मांडव दुसऱ्याच्या कामी यावा!

भिंगातून दिसलेलं राजुरा

बॅक टू मोठे बाबा. डेबियन चढलं, लॅबडब्ल्यूसी चढला. हिरोईनसारखा नटलेला डेस्कटॉप नाही हा. खाली एक पट्टी, राइट क्लिकवर मेनू, बस्स. पण जुना डबा चक्क पळायला लागला. चुलतभाऊ तर म्हणाला, "रॅम टाकली का व नवीन?"

प्रश्न डोळ्यांचा होता. तर लॅबडब्ल्यूसीमध्ये भिंग आहे. माऊस जिथे, तिथला भाग मोठा दिसतो. २०२४ मध्ये ही सोय आली, आणि ती लिहिण्यात रास्पबेरी पायच्या मंडळींचा हात होता. विचार करा. केंब्रिजमधल्या कुणीतरी आपल्या छोट्या कॉम्प्युटरसाठी भिंग बनवलं आणि वर्धा नदीच्या या काठावर, सास्तीच्या कोळसा खाणीपासून हाकेच्या अंतरावर, एक निवृत्त कंपोझिटर त्यातून अनुस्वार तपासतोय. त्या दोघांची भेट कधीच होणार नाही. कुणी कुणाला बिल पाठवलेलं नाही.

दुसरा प्रश्न मराठीचा. मला वाटलं, इथे अडणार. पण नाही! कीबोर्डचे लेआउट समजून घेणारी लिबएक्सकेबीकॉमन ही लायब्ररी जवळपास सगळेच कंपोझिटर वापरतात. म्हणजे मराठी लेआउट एका ठिकाणी एकदा नीट झाला, की ग्नोम असो, केडीई असो वा हा पिटुकला लॅबडब्ल्यूसी, सगळीकडे चालतो. अक्षरं जोडायचं काम हार्फबझ करते. तीच लायब्ररी फायरफॉक्समध्ये, क्रोममध्ये, अँड्रॉइडमध्ये, लिब्रेऑफिसमध्ये. आणि पुण्यात ऑफिस असलेल्या रेड हॅटने लोहित नावाचे भारतीय भाषांचे फॉन्ट मोकळे करून ठेवलेत. लोहित म्हणजे संस्कृतात लाल. नाव सॉलिड आहे की नाही?

मोठ्या बाबांनी टाइप केलेला पहिला शब्द होता 'राजुऱ्यात'. मुद्दाम! कारण त्यात तो 'ऱ्या' आहे, हिंदीवाल्यांना न लागणारा आपला अर्धा 'र'. आमच्या गावाचं नाव विभक्तीत आलं की हाच पहिला अडखळतो. भिंग लावून त्यांनी तो बराच वेळ निरखला. मग म्हणाले, "जमलं." एवढंच. त्यांच्याकडून हे म्हणजे फिल्मफेअर!

मला मात्र यात एक मोठी गोष्ट दिसली. आमच्या भागात मराठीइतकीच तेलुगू कानावर पडते आणि गावोगाव गोंडी बोलली जाते. गोंडीच्या दोन लिप्या आहेत. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली मसराम गोंडी युनिकोडमध्ये २०१७ ला आली. आदिलाबादकडच्या गुंजाळा गावातल्या जुन्या हस्तलिखितांमधली गुंजाळा गोंडी २०१८ ला आली. आता सांगा, प्रत्येक डेस्कटॉपने, प्रत्येक ब्राउझरने ही लिपी वेगळी शिकायची ठरवली असती, तर कुणी शिकली असती? कुठल्या कंपनीच्या मीटिंगमध्ये गोंडीसाठी बजेट पास झालं असतं? कॉमन भाग एकदा शिकतो आणि त्याच्यावर उभे असलेले सगळेच शिकतात. मोठ्या भाषांसाठी ही सोय आहे. छोट्या भाषांसाठी तोच एक रस्ता आहे.

जॉइंट फॅमिलीचे प्रॉब्लेम

सगळं गोड गोड नाही हं. सामायिक सामानाची भांडणंही सामायिक असतात. डब्ल्यूएलरूट्सचं नवं व्हर्जन आलं, की तिच्यावर उभ्या असलेल्यांना आपला कोड बदलत बसावं लागतं. केंद्रवाल्याने खुर्च्यांची साइज बदलली, तुमचा हॉल तुम्ही बघा! देखण्या अ‍ॅनिमेशनसाठी तरुणांत हिट असलेला हायपरलँड २०२४ मध्ये याच वैतागातून वेगळा निघाला आणि त्याने स्वतःचं सामान घडवलं. जॉइंट फॅमिलीतून निघून टू बीएचके घेण्यासारखंच. चूक नाही. पण आता प्लंबरही त्यांनीच शोधायचा.

आणि दुसरा प्रश्न जास्त टोचणारा आहे. केंद्र चालवतं कोण? एवढ्या डेस्कटॉपांचं ओझं वाहणाऱ्या या लायब्ऱ्या मोजकी माणसं सांभाळतात. काहींना पगार आहे, बरेच जण रात्री जागून करतात. वेलँड आणि डब्ल्यूएलरूट्स यांचा कोड जिथे राहतो, ते फ्रीडेस्कटॉप डॉट ऑर्ग २०२५ च्या सुरुवातीला चक्क घर शोधत होतं. फुकट सर्व्हर देणाऱ्या कंपनीने ती सेवाच बंद करायची ठरवली होती. मग धावपळ करून, भाड्याच्या सर्व्हरवर संसार हलवावा लागला. जगभरच्या लिनक्स डेस्कटॉपचा पाया आणि त्याचीच भाड्याच्या घरासाठी वणवण!

हे वाचताना मला कसंतरी झालं. कारण मी फ्रीलान्सर आहे. पीएफ नाही, पेड लीव्ह नाही, चेक कधी येईल याचा पंचांगातही मुहूर्त नाही. तरी पार्टीत विचारलं की मी स्टाइलमध्ये सांगते, "आय अ‍ॅम ऑन माय ओन, यार!" खरंच? ज्या फॉन्टमध्ये लिहिते, तो कुणीतरी रेखाटला. ज्या ब्राउझरमध्ये मेल टाकते, त्याची अक्षरं कुणीतरी जुळवली. आपली अख्खी पिढी 'सेल्फ-मेड' शब्दाच्या प्रेमात आहे. लिंक्डइनवर बघा, प्रत्येक जण शून्यातून उभा राहिलाय. त्या शून्याखालचे बांबू कुणाचे, हे कुणी लिहीत नाही.

ऑफिसातही हेच ना? नवा जॉइन झालेला हिरो आधीच्या टीमचं सगळं मोडतो आणि 'फ्रॉम स्क्रॅच' करतो. अप्रेझलमध्ये तेच दिसतं. पाच जणांना वापरता येईल असा सुटा, नीट, कंटाळवाणा भाग बनवणाऱ्याला कोण प्रमोशन देतं? कॉम्प्युटरच्या जगात अशी कंटाळवाणी माणसं आहेत, म्हणून मोठ्या बाबांचा डबा भंगारात गेला नाही. गणित इतकं सरळ आहे.

तुमच्या घरीही टॉवेल टाकलेला एखादा पीसी असेलच. तर एवढं करा. आधी फोटो आणि फायलींचा बॅकअप घ्या. मग लिनक्स पेनड्राइव्हवर टाकून, हार्ड डिस्कला हात न लावता, नुसतं चालवून बघा. वायफाय, प्रिंटर, आवाज चालतोय का ते पाहा. आई-बाबांच्या कामाचं एखादं सॉफ्टवेअर फक्त जुन्याच सिस्टीमवर चालत असेल, तर हट्ट करू नका. चाललं, तर ज्या प्रोजेक्टचं सामान वापरताय त्याला महिन्यातून एका कॉफीचे पैसे पाठवा. पैसे नसतील, तर मराठीत दोन मेनू भाषांतर करून द्या. मी तेच सुरू केलंय. पहिल्याच दिवशी 'विंडो'ला 'खिडकी' म्हणायचं की 'चौकट', यावर घरात मतदान झालं. मोठ्या बाबांनी व्हेटो वापरला. चौकट!

वही आता रोज दोन पानं पुढे सरकते. सकाळी उन्हाच्या आधी, कारण चंद्रपूरचा उन्हाळा कुणाच्याच कॉम्प्युटरला सोसत नाही. परवा फोन केला आणि विचारलं, "मोठे बाबा, कुठपर्यंत आलं?"

"सध्या १९५६ त आहो," ते म्हणाले. "कालच नांदेड जिल्ह्यात गेलो. चांद्याले पोचाले अजून तीन वर्षं आहेत. तू घाई नोको करू."